येष्टीनं येतो

"आक्का, तुम्ही दोघं व्हा म्होरं, म्या येष्टीनं येतो." सोयगावहून शहरात जायचं निघालं की रामकिसनचं हे ठरलेलं. आपली जुनी पिकअप त्यानं थोरल्या बहिणीच्या, द्वारकाबाईच्या नवऱ्याला, फकिराला विकली. पण त्यानंतर तो त्या गाडीत कधी बसला नाही. "माझा भाऊ लई भिडस्त, बहिणीच्या गाडीत फुकट बसत नाय," असं द्वारकाबाई ओवीतल्या भाऊरायासारखं त्याचं कौतुक सांगायची.

आज अजिंठ्याच्या घाटात ब्रेक लागलाच नाही. ब्रेकचा पाइप गंजून फुटला होता. दवाखान्यात फकिराला पाय कापायला आत नेलं, तशी द्वारकाबाई भावाच्या गळ्यात पडली. "आमच्याच वाट्याला का रं हे, रामा?"

रामकिसननं मान खाली घातली.

"पाइप सडलाय, ठाऊक होतं आक्का. म्हणून तर म्या येष्टीनं यायचो."