बायकोपुरता बहिरेपणा

“पुन्हा नाही ऐकलंत!” मैदानाची फेरी संपवून तो बाकाजवळ आला, तशी बायको फुरंगटून म्हणाली. “केव्हाची हाका मारतेय.”

त्याचा चेहरा पडला.

दोघांचीही हयात कापडगिरणीत गेली होती. मागांच्या खडखडाटात घसा फोडून उपयोग नसे; तिथे सगळे ओठ बघूनच बोलणं ओळखायचे. यांचं लग्नही तसंच जमलं, दोन मागांच्या मधून. आता निवृत्तीनंतर त्याचे कान गेले, अशी दोघांची खात्रीच पटली होती. ती समोर असली की त्याला सगळं कळे. पाठ वळली की काही नाही.

“नियमित व्यायाम करणाऱ्यांना ऐकू कमी येण्याचा धोका जरा कमी दिसतो,” कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. “हमी देत नाही, पण चाला.” तेव्हापासून तो इमानेइतबारे चालत होता. तिचे गुडघे कुरकुरत, म्हणून ती बाकावर बसून पहारा करी.

“अंधारात तू हाक मारलीस आणि मला कळलीच नाही तर?” त्याने विचारलं.

“येऊन चिमटा काढीन. चला, आणखी एक फेरी मारा.”

मैदानावरून दोघं थेट दवाखान्यात गेले. ती बाहेर बसली. आत तपासणी झाली आणि बाई हसल्या. “काका, तुमचे कान ठणठणीत आहेत.”

“मग हिचं का ऐकू येत नाही? शेजाऱ्यांचं येतं, भाजीवाल्याचं येतं.”

“बायकोपुरता बहिरेपणा! पुष्कळ नवऱ्यांना असतो.”

त्याला हसू आलं नाही. उलट डोळे भरून आले. “चेष्टा नको हो. मला तिचाच आवाज हवाय.”

बाई गंभीर झाल्या. “बोलवा त्यांना आत.”

तो जाऊन तिला घेऊन आला.

“काकू, घरी मारता तशी हाक मारा,” बाई तिच्याकडे बघून म्हणाल्या. “काका, तुम्ही भिंतीकडे तोंड करा.”

तो वळला. जीव कानात आणून उभा राहिला.

तिने छाती भरून श्वास घेतला. गळ्याच्या शिरा फुगल्या, टाचा उचलल्या गेल्या, आणि तिने सगळा जोर लावून, गिरणीतल्यासारखे ओठ ठळक हलवत नवऱ्याला हाक मारली.

डॉक्टरीणबाईंनाही काहीच ऐकू आलं नाही.