वालाच्या मुळांवरच्या गाठी

सगुणानं वालाचं रोप मुळासकट उपटलं, बादलीतल्या पाण्यात बुचकळलं आणि मुळांवरच्या बारीक गाठी नखानं खुडायला घेतल्या. खुडून झाल्या की रोप परत मातीत. मग पुढचं. अर्धा वाफा असा झाला होता आणि त्या अर्ध्यानं उन्हात माना टाकल्या होत्या. पण तिच्या डोक्यात एकदा बसलं की बसलं, ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही.

ब्रह्मदेव नाही, काळूराम आला. कंटेनरचा ट्रेलर यार्डात लावून भाकरी खायला आलेला नवरा मागच्या दारातूनच ओरडला, "अगो, येड लागलंय का तुला? आपल्या कल्पितानं पेरलेला वाल हाय तो! जाताना तेवढाच ठेवून गेली पोर!"

"म्हणूनच करतेय. गाठी आल्यात मुळांना. एकूण एक रोपाला."

काळूराम धावत आला. त्यानं तिचं ओलं मनगट धरलं.

"अगो, त्या चांगल्या गाठी. कल्पिताच सांगायची. कॉलेजात शिकलेली ना ती. वालाला भूक लागली की मूळ मातीत कायतरी सोडतं, ते बारक्या जीवांना बोलावणं असतं. ते जीव पण उलट निरोप धाडतात. मग मूळ त्यांना घर बांधून देतं आन ते वालाला खायला घालतात. गाठ म्हंजे त्यांचं घर. रोग न्हाय तो."

दुसऱ्या हातानं त्यानं एक गाठ नखानं फोडली. आत लालसर होती. "हे बघ. लाल हाय म्हंजे जिती हाय, असं बोलायची." लेकीचं बोलणं आपल्याच तोंडून ऐकून त्यानं ती फुटकी गाठ हलकेच मातीत ठेवली. "साधी गाठ हाय, गो. कायपण होणार न्हाय."

सगुणानं वर बघितलं.

"तिच्या मानेवर गाठ आली तवा पण तुमी असंच बोललेलात."

काळूरामनं तिचं मनगट सोडलं. उरलेला अर्धा वाफा हिरवागार होता, फुलावर आला होता. सगुणानं पुढच्या रोपाला हात घातला.

काळूराम तिच्यासमोर मातीत बसला. बादली त्यानं दोघांच्या मध्ये ओढली, एक रोप उपटलं, धुतलं आणि गाठी खुडायला लागला. डोळ्यांतलं पाणी त्यानं पुसलंही नाही.

"नीट बघा," सगुणा म्हणाली. "एकपण ठेवू नका."