कोर्टाबाहेरचा बाक

टाउन हॉलचं हॉटेल झालं, पोस्टात कॉफी मिळायला लागली आणि शेवटी चौकातल्या आमच्या कोर्टाचंही संग्रहालय झालं. आमचं म्हणायचं, कारण मी कुणाकडे राहायचं हा आईबाबांचा खटला तिथेच रखडला होता. दर तारखेला आई मला घेऊन बाहेरच्या बाकावर बसायची. "बसा, पुकारा होईल," शिपाई म्हणायचा. संध्याकाळी नवी तारीख हातात पडायची. त्या बाकावर मी पाढे पाठ केले. निकाल लागेपर्यंत मी मतदानसुद्धा करून आले होते. काल आईला संग्रहालय दाखवायला नेलं. बाकाला पॉलिश करून भोवती लाल दोरी लावलेली. आई दोरी ओलांडून नेहमीच्या कोपऱ्यात टेकली. रखवालदार धावत आला. "आजी, उठा! इथे बसायचं नाही!" आई माझा हात धरून उठली. "चल गं घरी, एकदाचं कुणीतरी उठा म्हणालं."