अकरा अक्षरं

लेकीनं परस्पर लग्न करून परदेश गाठला, तेव्हापासून घड्याळजींनी अबोला धरला होता. तरी दर महिन्याला, ते दुपारी दुकानातून घरी आले की, न चुकता तिचा फोन यायचाच. “बाबा, पैसे पाठवायचेत. बँकेचा कोड सांगा ना.” ते पासबुकावरची अकरा अक्षरं घडाघडा वाचायचे आणि फोन ठेवायचे. “साधा कोड लिहून ठेवता येत नाही हिला!” ते कुरकुरायचे. शेवटी त्यांनी बँकेत गाऱ्हाणं मांडलं. काउंटरवरच्या बाई हसल्या. “काका, कोड एकदाच भरावा लागतो. पुढे तो आपोआप येतो.” घड्याळजींचा परतीचा रस्ता सरता सरेना. पुढच्या महिन्यात फोन वाजला. “बाबा, तो कोड…” पहिलं अक्षर वाचून त्यांनी पासबुक मिटलं. “कोड राहू दे. जेवलीस का गं?” “बाबा, इथं पहाटेचे चार वाजलेत,” ती रडता रडता हसली. “तुम्ही जेवायला घरी येता, म्हणून उठते.”