‘हेल्प’चा वाक्यात उपयोग करा

“डू हेल्प नाही, रुपाली. नुसतं हेल्प,” उल्काबाई म्हणाल्या. “इंग्रजांना ‘करणं’ वेगळं सांगावं लागत नाही.”

रुपालीने त्यांना कुशीवर वळवलं, पाठीला पावडर लावली आणि वाक्य पुन्हा म्हटलं. प्लीज हेल्प मी. हे झालं क्रियापद. आता तोच शब्द नाम म्हणून. इथे ती हटकून अडायची. मराठीत ‘मदत’ आणि ‘मदत करणं’ अशी सुटसुटीत सोय असताना इंग्रजीने एकाच शब्दाला दोन कामांना का जुंपावं, हे तिला काही केल्या पटत नव्हतं.

“तू स्वयंपाकही करतेस आणि मलाही उचलतेस,” बाई म्हणाल्या. “मग त्या शब्दाने काय घोडं मारलंय?”

रुपालीने विचार केला. “बाई नीड हेल्प.”

“नीड्स,” बाईंनी सुधारलं.

बाईंनी पेठेतल्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. लग्न केलं नव्हतं, भावंडंही उरली नव्हती. दोन वर्षांपूर्वी मणक्याच्या आजाराने कमरेखालचं अंग गेलं, हातांतही जोर राहिला नाही. तेव्हापासून कर्वेनगरच्या त्या फ्लॅटमध्ये त्या आणि रुपाली, अशा दोघीच.

रुपाली वाशीमकडची. नवरा सोडून गेलेला, नऊ वर्षांची स्वराली गावी आजीपाशी. आयर्लंडमधल्या एका वृद्धाश्रमात काम मिळवून देणारी एजन्सी तिला सापडली होती. दोन वर्षं तिथे काढली की मुलीला बोलावून घेता येणार होतं. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा पास व्हायला हवी होती, आणि संधी फक्त तीन होत्या. त्यातल्या दोन गेल्या होत्या.

अर्ज बाईंनीच भरून घेतला होता. रुपालीला ईमेल वगैरे काही नव्हतं, म्हणून पत्ता आणि नंबर बाईंचाच दिलेला. निकाल त्यांच्या टॅबवर यायचा आणि चष्मा लावून त्या तो वाचून दाखवायच्या. पहिल्यांदा पाच गुण कमी पडले, दुसऱ्यांदा तीन. दोन्ही वेळा बाई रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र त्यांनी पुन्हा व्याकरण काढलं. शिकवायच्या जीव तोडून. त्यात तसूभर खोट नव्हती.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी बदली बाई आलीच नाही. रुपाली परत आली तेव्हा बाई पाच तास ओल्या चादरीवर पडून होत्या. तरी त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पेपर कसा गेला याचा. रुपालीने चादर बदलली, त्यांना पुसून कोरडं केलं आणि मग ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. स्वत:च्या आईचं तिने इतकं केलं नव्हतं, आणि आईची तिला इतकी दयाही कधी आली नव्हती.

तिसऱ्या परीक्षेला ती वाघोलीच्या केंद्रावर जायला निघाली तो मंगळवार होता. शेजारच्या तेजस्विनीने दिवसभर बसायचं कबूल केलं होतं. रुपाली तरीही दारापाशी घुटमळली.

“बाई, मी कायमची गेल्यावर तुमाले कोन उठवते?”

“तू तुझ्या मुलीचं बघ. माझं मी बघते,” बाई म्हणाल्या. उशाजवळचा पाण्याचा पेला त्यांना स्वत:च्या हाताने उचलता येत नव्हता. “आणि उशीर करू नकोस. वाघोलीची बस काही तुझ्यासाठी थांबणार नाही.”

ती साडेचारला परतली. बाईंनी चहासुद्धा टाकू दिला नाही. हेल्प आलं होतं का, विचारलं.

“आलं होतं.”

“नाम की क्रियापद?”

“दोन्ही,” रुपाली म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

पुढचे दहा दिवस तिच्या घशाखाली धड घास उतरला नाही. टॅब वाजला की हातातलं काम तसंच राहायचं. गावाहून स्वरालीचा फोन आला की दोन शब्द बोलून ती ठेवून द्यायची. बाई तिला धीर द्यायच्या. निकालाचा एवढा धसका घेऊ नये म्हणायच्या.

निकाल शुक्रवारी दुपारी आला. बाईंनी चष्मा लावायला सांगितलं. रुपालीने तो लावला, टॅब त्यांच्यासमोर धरला आणि ती पलंगाच्या कडेला उभी राहिली. जे ऐकायचं त्याची तयारी तिने दहा दिवस केली होती. बाई रागावतील, कदाचित बोलायच्याही बंद होतील, एवढं तिने धरून ठेवलं होतं.

बाईंनी सगळं पत्र मनातल्या मनात वाचलं.

“थोडक्यात गेलं गं,” त्या म्हणाल्या. “वाचन आणि लेखन उत्तम. बोलण्यात दोन गुण कमी पडले. हेल्प नाम म्हणून वापरताना अडखळलीस, असा शेरा आहे.”

रुपालीने टॅब खाली ठेवला.

“दोनच?”

“दोनच.” बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला त्यांचा हात वर गेला नाही, म्हणून रुपालीने पदराने पुसलं.

त्या मंगळवारी मनपाच्या स्टॉपवर वाघोलीची बस तिच्यासमोर उभी होती. आपण गेल्यावर बाईंना कोण उठवणार, या एका विचाराने तिचा पाय उचलला नव्हता, आणि चार वाजेपर्यंत ती संभाजी बागेत एका बाकावर बसून राहिली होती. परीक्षा तिने दिलीच नव्हती.