प्रभाताईंची सायकल

परक्याशी हिंदी, आपल्या माणसाशी मराठी. दिल्लीत उभं आयुष्य काढूनही दिनकररावांनी हा शिरस्ता कधी मोडला नाही. निवृत्तीनंतर बायकोला घेऊन क्रोएशियातल्या इस्ट्रियाला जायचं, डोंगरवाटा तुडवायच्या, समुद्राकाठी सायकली दामटायच्या, हे त्यांचं जुनं वेड. हल्ली ते विसरायला लागले, तशी प्रभाताईंनी घाई केली. मयूर विहारच्या सोसायटीत गुडघे फोडून घेत, साठी उलटल्यावर त्या सायकल शिकल्या.

आज इस्ट्रियाच्या किनाऱ्यावर बसलेल्या नवऱ्यापुढे त्यांनी झोकात सायकल आणून थांबवली. "बघा, आली की नाही मला?"

दिनकररावांनी उठून अदबीने हात जोडले.

"बहुत बढ़िया, बहनजी! हमारी प्रभा को भी सिखा दीजिए ना. उसे यहाँ लाना है मुझे."