रोज पाच गणितं

वर्गात प्रगतिपुस्तक उघडताच केतकीला रडू कोसळलं. गणितात चाळीसपैकी चौतीस! वर्षभर ती दहा-बाराच्या पुढे सरकली नव्हती. बोर्डाला पंधरवडा उरला होता, आणि बाबांना जाऊन आठवडा झाला होता.

नापास झाली की बाबांची सही ती स्वतःच ठोकून द्यायची. दिवाळीत त्यांच्या लक्षात आलं, पण ते रागावले नाहीत. “उद्यापासून रोज पाच गणितं,” एवढंच म्हणाले. शेवटची पाच त्यांनी दवाखान्यातल्या खाटेवर तपासली, आणि मागच्या चाचणीच्या सहीसाठी आलेलं प्रगतिपुस्तकही तिथेच मिटून तिच्या हाती दिलं.

“आता आईची सही आण हं,” बाई हळूच म्हणाल्या.

केतकीने मागचं पान उलटलं. शेवटच्या चौकटीत सही आधीच होती, इतकी थरथरती, की तिच्या खोट्या सह्याच जास्त बाबांच्या वाटाव्यात. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, “मार्क कितीही पडोत. ही सही खरी आहे.”